पोटाकडची बाजू

फणसवाडीत नलू तळपदेला सगळे ओळखायचे ते तिच्या रांगोळीमुळे. कुणाकडे मुंज असो की केळवण, पाटाभोवती रांगोळी घालायला नलूलाच बोलावणं यायचं. हीच नलू दिवसभर परळच्या एका कॉलेजात बसून विंचू, गोमा आणि कोळ्यांची चित्रं काढते हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते निदान जेवताना तरी त्याबद्दल विचारत नसत.

नलूची पस्तिशी उलटली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आणि वडील, अप्पा. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती चहा टाकायची, तेवढ्यात आरामखुर्चीतून ठरलेला प्रश्न यायचा.

"आज कोण?"

"कोळी, अप्पा."

"शीव कोळीवाड्यातला का गं?"

रोज हाच विनोद आणि रोज अप्पा स्वतःच हसायचे.

कॉलेजच्या संग्रहालयात नलू चित्रकार म्हणून लागली त्याला आता पुष्कळ काळ लोटला होता. तिची चित्रं छापून यायची, पण त्यांच्याखाली तिचं नाव कधी आलं नव्हतं. लेखकाचं नाव वर, चित्र खाली, संपलं. एकोणसाठच्या दिवाळीनंतर मात्र खात्याचे प्रमुख दिघे सर मराठीत पुस्तक लिहायला बसले. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे वारं तोवर पक्कं झालं होतं. सरांनाही ते लागलं होतं.

"आपलं राज्य होतंय, मिस तळपदे. सह्याद्रीतल्या जिवांवर आपल्या भाषेत एक पुस्तक नको? मे महिन्यात आलंच पाहिजे." मग चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्या पानावर छापू. चित्रे, नलिनी तळपदे."

घरी येऊन तिने हे सांगितलं तर अप्पा आरामखुर्चीतून उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला कळलं होतं. समोरच्या सुंदराबाई तर म्हणाल्या, "नलू, एक प्रत आमच्या देवघरात ठेवीन हो." त्यात काय काय आहे हे नलूने त्यांना सांगितलं नाही.

बाकीची चित्रं पटापट झाली. नलूला पिडलं ते झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या दोन मोठ्या कोळ्यांनी. पाय पसरले तर तळहाताएवढे, अंगभर केस. एक आपल्या सह्याद्रीतला, दुसरा कारवारच्या खालच्या रानातला. वरून बघावं तर जुळे भाऊ. तीच राखाडी नक्षी, पाठीवर तोच पानासारखा पट्टा. ओळख पटते ती उलटं केल्यावर. पुढच्या पायांची पोटाकडची बाजू हळदीसारखी पिवळी असते आणि त्यावर काळे पट्टे असतात. ते पट्टे कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे मधेच तुटलेले, एवढाच काय तो दोघांतला फरक. पुस्तकात सरांना नेमकं तेच दाखवायचं होतं.

"दुसरा कारवारचा?" अप्पा म्हणाले. "मग तोही आपलाच म्हण. बेळगाव, कारवार आपल्याला मिळायलाच हवं."

"ते कोळ्याला सांगा, अप्पा."

दोन्ही कोळी स्पिरिटच्या बरण्यांत होते. नलूने ते बाहेर काढले, ताटलीत उलटे ठेवले आणि भिंग घेऊन बसली. पायांचा पिवळा रंग काल लावल्यासारखा ताजा. सर खूश झाले. "स्पिरिटमध्ये रंग उडतो हो एरवी. नशीब बघा आपलं!" नशीब चांगलं होतं, पण फरक सापडेना. याचा पट्टा जिथे संपतो तिथेच त्याचाही संपत होता. दोघांचं मिळून एक चित्र तिने रंगवलंही, त्यातही ते जुळेच. नलू एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. मान दुखायला लागली.

"सर, मला दोन्ही सारखेच दिसतात."

"नीट बघा."

तिने नीट बघितलं. मग गिरगावात जाऊन डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर बदलला. नव्या चष्म्यातून दोन्ही कोळी अधिकच सारखे दिसायला लागले. घरी पोळी करपली, आमटीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी वाडीतल्या बालाजीला हात जोडताना मनात आलं, देवा, मला मोठं काही नको, एवढा एक पट्टा दाखव.

पट्टा दिसला, पण तो असा. एका दुपारी भांड्यातलं स्वच्छ पाणी ताटलीत सांडलं आणि कोळ्याखालचा टीपकागद पिवळा झाला.

नलू बघतच राहिली. तिने कापूस ओला करून पायावरून हलकेच फिरवला. स्पिरिटमध्ये टिकलेला पिवळा रंग पाण्याने कापसावर आला, मागोमाग काळा पट्टाही आला आणि खाली उरला एक मळकट, तपकिरी पाय. सांध्यापाशी सरसाचा गोळा. दुसऱ्या कोळ्याचंही तेच.

"गुणाजी!"

गुणाजी परब खात्याचा शिपाई. मूळचा सावंतवाडीकडचा, राहायला लालबागला. दरवर्षी श्रावणात रजा टाकून तो गणपतीच्या कारखान्यात कामाला जायचा. मूर्तीचं मोडलेलं बोट बसवावं तर गुणाजीनेच, जोड शोधून सापडायचा नाही.

"हे तुम्ही केलंत?"

"होय, बाय." गुणाजीचा चेहरा उजळला. "बरा जमलाहा ना?"

"अहो, पण का?"

"पाय गळान बरणीच्या तळाक पडलेले ना! आणि ते परदेशाचे पाव्हणे येवचे होते. मोडकी वस्तू लोकांसमोर कशी मांडूची? खंडित मूर्ती कोण ठेवता काय? म्हणान सगळे पाय काढून सुकवले, सरसान चिकटवले. रंग उडालेलो, थोडी पिवळी पेवडी मारली."

"सगळे पाय? दोन्ही बरण्यांतले? एकत्र?"

"एकत्रच. बसले ते बसवले."

"आणि पट्टे?"

"ते सारखे करून घेतलंय. एकाचे एका तऱ्हेचे, दुसऱ्याचे दुसऱ्या, ता काय बरा दिसत नाय होता."

"गुणाजी, ते वेगळे दिसावेत म्हणून तर दोन ठेवले होते हो!"

गुणाजीने वाकून ताटलीत बघितलं. "असा होय? मग कोणी सांगूचा तरी!"

नलूने ओला कापूस ताटलीत टाकला. या माणसाला बोलणार काय? तिच्याच देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेची पळी मोडली तेव्हा तिने ती मूर्ती एक दिवससुद्धा घरात ठेवली नव्हती, चौपाटीला नेऊन विसर्जन केलं होतं. गुणाजीने त्याच भावनेने पाय चिकटवले. राग काढायला जागाच नव्हती, आणि म्हणून तो जास्तच येत होता.

दिघे सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला. "इंग्रजी पुस्तकात वर्णन आहे. त्यावरून काढा."

तिने डिक्शनरी घेऊन वर्णन लावलं. एकाचा पट्टा 'जरा रुंद', दुसऱ्याचा 'काहीसा अरुंद'. जरा म्हणजे किती? कुणापेक्षा? तिने काढलं, फाडलं, पुन्हा काढलं. रांगोळीत एक ठिपका चुकला तर सगळी वेल बिघडते, आणि इथे तर ठिपकेच मनाने टाकायचे.

"सर, शिमग्यापर्यंत थांबा. गुणाजी गावाला जाणारच आहे. तो ताजा आणील."

"शिमग्यापर्यंत. पुढे एक दिवस नाही. छापखान्याचा ब्लॉकवाला माझ्या मानेवर बसलाय."

कोकणातला माणूस शिमग्याला गावी जायचा राहत नाही. गुणाजी गेला, पालखी नाचवून आला आणि येताना तोंडाला फडकं बांधलेली बांबूची नळी घेऊन आला.

"जिवंत असा हां, बाय. आमच्या फणसाच्या ढोलीत होतो. बरोच रागावलोहा."

काचेच्या पेटीत नळी उपडी केली तसा कोळी बाहेर आला, मागे सरकला आणि पुढचे पाय एकदम वर उभारले. नलूच्या अंगावर काटा आला, भीतीने नव्हे. काय तो पिवळा! पेवडीच्या बापजन्मी यायचा नाही असा. आणि त्यावर पट्टा, स्वच्छ काळा, त्याच्या स्वतःच्या जागेवर संपणारा. गुणाजीने गवताच्या काडीने त्याला डिवचत राहायचं आणि तिने काढत राहायचं, असं करत चित्र पुरं झालं. तसं चित्र तिच्या हातून पूर्वी कधी उतरलं नव्हतं.

पण तो एकच झाला. कारवारकडचा कुठून आणायचा?

"दुसऱ्याची नुसती पाठ दाखवू, सर," ती म्हणाली. "पोटाकडची जागा कोरी ठेवू. खाली लिहू, बघायला मिळाली नाही."

"बघायला मिळाली नाही, असं छापतात का कुठे? लोक हसतील! तुमचं आधीचं चित्र आहे ना, छान सजलेलं?"

"ते गुणाजीचे पट्टे आहेत."

"हे बघा, मिस तळपदे, कोळी उलटा करून पट्टे बघायला कोण जाणार आहे?"

"मी गेले होते," नलू म्हणाली. तिनेच पुढे विचारलं, "मग जुनंच छापणार?"

"दोन्ही कोळी एका पद्धतीचे हवेत. जुनंच छापणार."

"तर माझं नाव घालू नका."

"एका चित्रासाठी?"

"नाव सगळ्यांवर आहे ना, सर."

ते तिची समजूत घालत बसले नाहीत. तिला वाटलं होतं, घालतील.

मेच्या पहिल्या तारखेला वाडीत रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. पुस्तक आलं त्याच आठवड्यात. अप्पांनी नवा सदरा चढवला, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. वर बघितलं, खाली बघितलं. पान उलटून मागेही बघितलं.

"नलू, छापायचं राहिलं वाटतं गं."

"राहिलं नाही. मीच काढायला लावलं."

 पुस्तक मिटून अप्पांनी मांडीवर ठेवलं. त्या दिवशी त्यांनी कोळीवाड्याचा विनोदही केला नाही, आणि तो त्यांनी करावा असं नलूला पहिल्यांदाच वाटलं. सुंदराबाई प्रत मागायला आल्या तेव्हा ती मागच्या दाराने दळण आणायला गेली.

सोमवारी कॉलेजात गेली तर गुणाजी पेटीतल्या कोळ्याला झुरळ घालत होता. झुरळं लालबागहून यायची, तिथे त्यांना तोटा नव्हता. नलूने तिचं अर्धं चित्र कपाटातून काढून टेबलावर पसरलं. डावीकडे पेटीतला कोळी होता, उजवीकडची जागा अजून कोरीच होती.

"गुणाजी, तुमचं कारवारकडे कोणी आहे?"

"कारवार? ता आता त्यांच्या राज्यात रवला, बाय."

"कोळ्याला कुठे ठाऊक आहे ते! माणूस कोणी आहे का, सांगा."

गुणाजीने डोकं खाजवलं. "मावशी दिलेली असा थंय. तिच्या झिलाक, माझ्या मावसभावाक, सांगून बघूया."

"जिवंत आणायचा. जसा असेल तसा." तिने पेन्सिलला टोक काढायला घेतलं. "आणि वाटेत पाय गळला तर गळू दे, गुणाजी. तुम्ही हात लावायचा नाही."