ओट्यावर वाचलेलं पत्र

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रंक एसटीत सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "पोचलीस की कागद धाड," एवढंच म्हणाले. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. बीडकडून पिंपरीला नोकरीला निघालेली भावकीतली मी पहिली मुलगी. गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हाला सांगते, कारण आबांना आता सांगता येत नाही.

पिंपरीच्या एका दवाखान्यात, मनोविकार विभागात मी समाजसेविका झाले. शिफ्टला जाणं सोडून भिंतीकडे तोंड करून बसलेले कामगार तिथं येत. त्यांच्या घरी जायचं, चौकशी करायची, रिपोर्ट लिहायचा. दोन वर्षांत हाताला अशी सवय लागली, की माझा धाकटा भाऊ भानू तसाच गप्प झाल्याचं कळलं तेव्हा मी घरी पत्र नाही, रिपोर्टच धाडला. 'आबा त्याला मारतात, घालूनपाडून बोलतात. आधी ते थांबलं पाहिजे.'

आबांना वाचता येत नव्हतं. आमच्याकडे पोस्टमन ओट्यावर बसून पत्र मोठ्यानं वाचायचा, शेजारपाजार ऐकायला जमायचा. शाळेत असताना कित्येकांची पत्रं मीच अशी वाचलेली. तरी विसरले. स्वतःचा अजून संताप येतो.

माझं पत्र ओट्यावर वाचलं गेलं, त्या दिवसापासून आबांनी भानूवर हात उचलला नाही. त्याच्याशी बोललेही नाहीत. माझ्याशीही नाही.

पुढे पिंपरीजवळच्या कुरुळी गावात एका कामगाराच्या वडिलांना मी असंच घरच्यांदेखत फैलावर घेत होते. म्हातारा हात जोडून म्हणाला, "व्हय बाई, आमचंच चुकलं आसंल. पर जरा हळू बोला, सून ऐकतीया." मला तिथंच रडू फुटलं.

तेव्हापासून फाइल पिशवीतच राहू लागली. घरातल्या थोरल्या माणसाला आधी विचारायचं, "दादा, बसू का?" मग त्याच्यासोबत बांधापर्यंत चालत जायचं आणि कडू असेल ते तिथं, दोघांतच बोलायचं. नव्या मुलींनाही मी हेच शिकवलं. कितीतरी घरांनी मला लेकीसारखं आत घेतलं.

दिवाळीत गावी गेले. मळ्यात आबांना एकटं गाठून पाया पडले, चुकलं म्हणाले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पाव्हण्यांना च्या टाक."

आबा वारेपर्यंत माझ्या पाहुणचारात काही कमी पडलं नाही. पिंपरीत आज माझ्या दोन खोल्या आहेत, गावी भानू आहे. पण मला हक्कानं रागावेल असं घर आता कुठंच नाही.