रिकामा रकाना

आमच्या सातपूरच्या कारखान्यातल्या सर्व्हर रूममध्ये नेटवर्क दुरुस्तीला बोलावलेला तो माणूस चपला बाहेर काढून आला. साहेब मात्र बुटांसकट शिरले, नेहमीसारखे.

मालेगाव शाखेने काही विचारलं, की ते आमच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं, पण उत्तर तिकडे जायचंच नाही. तीन आठवडे साहेब तिथल्या क्लार्कबाईंना फोनवर झापत होते, "झोपा काढता का तिकडे?" त्या बिचाऱ्या एसटीने येऊन दोनदा माफी मागून गेल्या. कशाची माफी?

मनमाडहून आलेल्या या माणसाचं नावही आम्ही विचारलं नाही. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती, एक नाशिकचं, एक मालेगावचं. पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत तो एकेक आकडा वाचत होता. मध्येच 'गेटवे'च्या रकान्यापाशी, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या पत्त्यापाशी, थांबला.

"दोन्हीकडं गेटवे कोणी भरला?"

"मी. रकाना रिकामा सोडायचा नाही, असंच शिकलोय आम्ही," मी सांगितलं.

"म्हणून तर! बाई मागच्या दारात उभ्या हायेत, आन् तुमचं उत्तर पुढच्या दारानं जातंय."

त्याने मालेगावकडचा गेटवे पुसला आणि तिकडचा रस्ता वेगळा लिहून दिला. मालेगाव लगेच चालू!

साहेब हसले, "सुधारलं एकदाचं मालेगाव!"

तो चपला घालत म्हणाला, "मालेगाव बिघडलंच नव्हतं, साहेब. बाईंना तेवढा फोन करा."

साहेबांनी केला नाही. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पण फोन तर मीही केला नाही, आणि तो रकाना भरला होता मीच.