घरच्या गाईचं दूध

आमच्या भागात दुधाच्या दोन जाती आहेत, हे मला डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर नीट कळलं. एक डेअरीला घालायचं आणि दुसरं घरात ठेवायचं. गोठ्यात आठ-दहा संकरित गाई असतात, त्यांचं दूध कॅनमध्ये जातं. कोपऱ्यात एक गावरान गाय असते, तिचं घरातल्या लेकरांना. डेअरीचं दूध पिऊन शहरातली माणसं जगतात तरी कशी, यावर पारावर हसणं चालतं. ते दूध सकाळ-संध्याकाळ आपणच घालतो याची कुणाला लाज वाटत नाही.

माझे सासरे, आबा, या मंडळींचे पुढारी. गावातलं दूध संकलन केंद्र तेच चालवायचे. तिथलं दूध इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या डेअरीत यायचं आणि मी ते तपासायचे. तपासायचं म्हणजे फॅट बघायचं आणि पाणी घातलंय का ते बघायचं, एवढंच आबांना मान्य होतं. बुरशीचं विष ही भानगड त्यांच्या मते नोकरदारांनी पगारासाठी काढलेली.

खरं तर भानगड साधी आहे. गाईनं बुरशी आलेली पेंड किंवा मका खाल्ला की त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तिच्या पोटात जातं, लिव्हरमध्ये रूप बदलतं आणि एका दिवसात दुधात उतरतं. त्याला वास नाही, चव नाही, उकळूनही ते जात नाही. आमच्याकडं एक कागदी पट्टी असते. ती दुधात बुडवली की दोन रेषा उमटतात. विष जितकं जास्त, तितकी खालची रेषा पुसट; पुसट झाली की दूध बाद. चौथीतल्या पोरालाही कळेल, पण जन्मभर जनावरं सांभाळलेल्या माणसाला कळून घ्यायचं नसतं.

"पन्नास वर्सं गुरं राखली म्या," आबा म्हणायचे. "बुरशीनं जनावर मेल्यालं बगितलं न्हाय."

"जनावर मरत न्हाय, आबा. दूध पिणाऱ्याला तरास होतो."

"मग होऊ दी की. आपुन कुठं ते पितुय?"

एकदा पावसाळा सरता सरता त्यांच्या केंद्राचे कॅन बाद झाले. खालची रेषा पुसट आली होती. डेअरीनं कळवलं, दूध घालणाऱ्या बाराही जणांचे वेगवेगळे नमुने आणा, कुणाच्या गोठ्यातून हे येतंय ते बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः आले. धुतलेलं धोतर, पिशवीत बारा बाटल्या, प्रत्येकीवर एकेकाच्या नावाची चिठ्ठी. चेहरा असा, की व्याह्याच्या मांडवात आलेत.

मी आधी फॅट बघितलं. पहिल्या बाटलीचं पाच. दुसरीचं पाच. तिसरीचंही पाच. संकरित गाय जन्मात पाचला जात नाही, आणि इथं बारा घरांतल्या गाईंनी ठरवून एकच आकडा गाठला होता. मग मी रंग बघितला. पिवळसर. त्या दुधावरची साय मी रोज सकाळी काढत होते.

"आबा, बाराही बाटल्यांत आपल्या घरच्या गाईचं दूध हाय."

ते जराही ओशाळले नाहीत. "मग? चांगलं दूध तपासलं की चांगला रिपोर्ट येतुय. कर पास."

मला हसू आलं आणि रागही आला. लबाडी करायची तर निदान थोडं पाणी तरी कमीजास्त घालावं, तेवढेही कष्ट नाहीत. नमुने परत पाठवायचेच होते, तरी मी शास्त्रापुरती एक पट्टी बुडवली. खालची रेषा उमटलीच नाही. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली, दुसऱ्या बाटलीत बुडवली. तिथंही नाही. मग बाराही बाटल्यांना पट्ट्या लावल्या. एकीवरही खालची रेषा नव्हती.

आमच्या गोठ्यात संकरित गाईंना पोत्यातलं तयार खाद्य असायचं. घरच्या गाईला मात्र लाडानं शेंगदाण्याची पेंड, पणदऱ्याच्या घाण्यावरून आणलेली. ती पोती पाटाकडच्या ओल्या खोलीत महिनोन् महिने पडलेली असायची. वर आलेली हिरवट बुरशी आबा हातानं झटकायचे आणि पेंड गाईपुढं टाकायचे. तळाचा चुरा संकरित गाईंच्या वाट्याला जायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. अंगावरचं सुटल्यापासून रोज दोन पेले, घरच्या गाईचं. भीती म्हणजे काय ते मला त्या टेबलापाशी कळलं.

"काय आलं?" आबांनी विचारलं.

मी पट्टी त्यांच्यापुढं धरली. "आपली पोरगी रोज हे पिती, आबा."

आता ते पट्टीला नावं ठेवतील, मला शिकवतील, असं मला वाटलं. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली धारदार. पण ते स्टुलावर बसले आणि त्यांनी पट्टी हातात घेतली.

"पेंडीचं हाय व्हय?"

"व्हय."

त्यांनी बाटल्या एकेक करून पिशवीत भरल्या. मग मान वर न करता म्हणाले, "रोज गावाचं दूध तपासतीस तू. लेकीचं येकदा बी आणलं न्हाईस?"

नोकरीला लागल्यापासून माझ्या डब्यात त्याच गाईच्या दुधाचं दही असायचं. ते आंबू नये म्हणून मी रोज प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवायचे, नमुन्यांच्या बाटल्यांना खेटून.