गिरजाआजीला फेड केलं तेव्हा

गिरजाआजीच्या रागाचा प्रसाद मिळाला नाही असं घर आमच्या सापगावात नाही. मांडवात कुणी मोबाईलवर गाणं लावलं की ती हातातली सुपारी खाली टाकून चालू लागते. मग नवऱ्यामुलाच्या बापाने हातापाया पडून तिला परत आणायचं.

ती धवलारीण. हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. पंचविशीत तिचा नवरा गेला. विधवा म्हणून तिला मांडवाबाहेर बसवलं, तर तिने बाहेरूनच असा खणखणीत धवला उचलला की आतली गाणारी गप्प झाली. त्यानंतर तिला बाहेर बसवायची कुणाची छाती झाली नाही.

तिची एक रीत आहे. आदल्या दिवशी ती नवरीच्या घरी जाऊन विचारते, "पोरीला कुनी अंगाखांद्यावर खेळवली? त्यातला कोन गेला?" देवांना आवतन देऊन झालं की ती त्या गेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. एका लग्नात एकदाच. पुन्हा गा म्हटलं तर भडकते. "आलेल्या पावन्याला परत आवतन देतंव का?"

मी नम्रता, तिच्याच आळीतली. माझा बाप, कुंडलिक, सायकलवर दूध घालायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. मी शहापूरला स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ बनवते. एक चित्र पुसट करत घालवायचं आणि त्यातूनच दुसरं उमटवायचं, त्याला आम्ही फेड म्हणतो. त्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही, अशी माझी घमेंड होती.

आमच्याच आळीतल्या मितालीचं लग्न झालं. तिची आई, लहानीकाकी, करोनात गेली. सीझनची कामं अंगावर होती म्हणून मी लग्नाला गेले नव्हते. शूटिंग स्टुडिओत आलं, त्यापाठोपाठ मुरबाडहून मितालीच्या सासऱ्याचा निरोप. म्हातारीचं रडगाणं नको, शुभकार्यात मेलेल्यांची नावं कशाला? आमचे साईनाथ शेठ म्हणाले, "देवांपर्यंत ठेव, पुढचं उडव."

मी उडवलं. वरून डीजेचं गाणं घालायचं होतं, म्हणून मूळ आवाज बंदच ठेवला होता. देवांचं कुठे संपतं ते आजीचे जोडलेले हात खाली आले त्यावरून ठरवलं आणि दोन सेकंदांचा फेड टाकला. आजी विरघळली, तिच्या जागी बदामाच्या चौकटीत नवरानवरी उमटले. स्वतःवरच खूश होऊन मी चहा मागवला. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मुरबाडला सासरी सत्यनारायणाची पूजा होती. तिथे मोठा पडदा लावून व्हिडिओ दाखवायचा होता. लॅपटॉप घेऊन मी हजर. मितालीने गिरजाआजीला बोलावून घेतलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हळदीला आईचं नाव आलं तेव्हा रडण्यात मला ऐकूच नाय आलं गो. आता ऐकीन."

मी लॅपटॉप बंद करायला वळले. तोवर आजी पडद्यावर आली होती. हात खाली आले, तोंड उघडलं, आणि ती पुसट होत गेली. बदाम आला. मिताली पडद्याकडे बघतच राहिली.

आजी उठली. "माझा तोंड कुनी पुसला?"

माणसं हसली. सासरा म्हणाला, "बसा हो आजी, देवांचं दाखवलं की तुमचं, तेवढं पुरे."

"तू गप!" मग माझ्याकडे वळली. "नमे, हिच्या आयशीला मी उंबऱ्यात आनून उभी केली, तू तिच्या तोंडावर दार लावलंस. मला पुसलीस त्याचा काय नाय. तिला का पुसलीस?"

 ती पूजेचा प्रसाद न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्टुडिओ उघडला. कॅमेऱ्यातली कार्डं पुसून झाली होती आणि कॉम्प्युटरही रिकामा कर म्हणून शेठ मागे लागले होते, तेवढं राहिलं होतं. पण फेडमध्ये चित्र मरत नाही. ते फक्त दिसेनासं केलेलं असतं, खाली तसंच चालू असतं. मितालीला फोन केला. येताना ती आजीला घेऊन आली. आजी माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसली.

मी फेड काढला, उडवलेला भाग परत ओढून घेतला. डीजेचं गाणं काढलं. मूळ आवाज पहिल्यांदाच चालू केला.

"लहानीबाई या वो मांडवात, लेकीची हळद बघाया या वो..."

मितालीने तोंडावर पदर धरला. मी थांबवणार होते, तर आजी खेकसली, "हात काढ. पुढं ऐक."

"कुंडलिकदादा या वो मांडवात, सायकल लावा वो दाराशी..."

माझ्या बापाचं नाव मितालीच्या हळदीत कसं, मला कळेना.

"हिला सायकलवर बसवून शाळंत कोन नेत व्हता?" आजी म्हणाली. "तुझाच बाप ना? का तोही ठाव नाय तुला?"

ठाऊक होतं. पुढे दांडीवर बसून मिताली जायची आणि मी मागे कॅरियरवर, दुधाच्या किटल्यांच्या मधोमध. सगळं ठाऊक असून मी आवाज बंद ठेवून, चहा मागवून, माझ्या बापाला मांडवातून घालवलं होतं.

तेवढ्यात शेठ दारातून ओरडले, "सून इकडे आलीय म्हणून मुरबाडवाल्यांचा फोन आलाय, म्हातारी परत घातलीस काय? काढ ती आधी!"

मी खुर्ची मागे लोटून उभी राहिले. "शेठ, माझा बाप आलाय मांडवात. हात लावून दाखवा."