सगुणा आन पिच्चरचा दुसरा भाग

लिही शरयू, आन मधीमधी हासू नको. तू इचारलंस ना, आख्ख्या गल्लीत सगुणा मावशीच्याच दाराशी भिंतीवर नाव कशाला म्हणून? ते पयल्यांदा तूच लिहिलंस, दुसरीत व्हतीस तवा. पण कशाला लिहिलं ते तुला कुनी सांगितलं न्हाई. आता सांगते. वाचताना हळू वाच. भिंतीपल्याड बसलीय ती, तिला समदं ऐकू जातं.

सगुणाचा नवरा कचरू. माणूस वाईट नव्हता. दारू न्हाई, मारझोड न्हाई. बोलायचा मातर कमी. बैलाशी बोलायचा, बायकोशी न्हाई. माझा लेक, म्हंजे तुझा बाप, धाव्वीला व्हता त्या सालची गोष्ट, त्र्याऐंशी म्हणतो तो. कचरू मंठ्याच्या बाजाराला निघाला, बैलाला वेसण आणायला. सगुणा चुलीपुढं व्हती. तिच्याकडं न बघताच म्हणला, "येतो." बस. गेला तो गेला.

पुंजाराम, म्हंजे तिचा धाकला दीर, जालन्यापून परभणीपोतर हिंडून आला. कुनी म्हणलं साधूसंगं गेला, कुनी म्हणलं सुरतेला मिलीत दिसला. लेकरूबाळ झाल्तं न्हाई. सगुणा एकली राह्यली. बैल बिचारा जुन्याच वेसणीवर म्हातारा झाला.

दोन वर्सानं आपल्या वाटूरला तंबूतली टॉकीज आल्ती. बाया अलीकडं, गडीमाणसं पलीकडं, मधी पडदा. मी म्हणलं, "चल गं, घरात बसून बुरशी लागंल तुला." वढूनच नेली तिला. पिच्चर कसला, तर एक माणूस चांदणीवर जातो. ज्वारीची कणगी आसते ना, तसलं लोखंडाचं काहीतरी उभं केलेलं, त्यात बसतो. खालून जाळ निघतो न् कणगी वर. बायको खाली राहती. निघायच्या आधी एक चष्म्यावाला शास्त्री तिला समजून सांगतो का, बाई, तिकडं वेळ हळू चालते, तिथला एक दिस म्हंजे इथलं एक वरीस. मंग ती अंगणात उभी, मान वर करून, आन पिच्चर खलास! भोंग्यातून टॉकीजवाला वरडला, "पुढची ष्टोरी दुसऱ्या भागात! दुसरा भाग लौकरच!" गडीमाणसं शिव्या देत उठली. सगुणा काही उठना.

"आक्का," मला म्हणली, "तिथला एक दिस म्हंजे इथलं एक वरीस?"

"अगं पिच्चर हाय त्यो."

"मंग ह्यांना जाऊन दोनच दिस झाले."

मी हासले गं. मला वाटलं गंमत करून राह्यली. गंमत नव्हती. तवापसून तिचा हिशोब तसाच. संक्रांतीला म्हणायची, "तिसरा दिस चालू हाय, आक्का. बाजारात तीन दिस लागत्यात की माणसाला."

तवा आपल्या पुढल्या खोलीत बँकेतले मार्तंडराव भाड्यानं राहायचे. त्यांची बायको सुहासिनीबाई, दिसभर पुस्तकात तोंड. मी त्या पिच्चरचं सांगितलं तर म्हणल्या, "उषाबाई, ती कादंबरी माझ्याकडे आहे. अर्ध्या पुस्तकाचाच पिक्चर काढलाय त्यांनी." आन हे एवढं जाडं पुस्तक दाखवलं. मला कुठं वाचता येतं? मी म्हणलं, शेवट तेवढा सांगा. त्यांनी सांगितला. माझ्या हातातलं सूप तसंच राह्यलं.

तो येतो माघारी. त्याला थोडेच दिस झालेले, केससुद्दा काळेभोर. ती म्हातारी झालेली. तो दारात येतो न् तिला वळखत न्हाई. तिलाच म्हणतो, "आजीबाई, पाणी द्या," आन तिलाच इचारतो, इथं माझी बायको राहायची ती कुठं गेली म्हणून.

तुला ठाऊक हाय, माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. पण हे मी गिळलं. दहा वर्सं गिळलं.

सगुणाला दुसऱ्या भागाचा ध्यास लागला. जालन्याला जाणाऱ्या एका माणसाला सोडायची न्हाई. "लागला का गं दुसरा भाग? भित्तीवर कागद दिसला का?" एसटीचा कंडक्टर तिची थट्टा करायचा. "मावशे, लागला की पयली शीट तुझी!" कुनी म्हणलं पिच्चर काढणाराचा पैसा सरला, कुनी म्हणलं हिरोचं पोट सुटलं, आता तो कणगीत मावत न्हाई. तिनं तेबी खरं धरलं. म्हणली, "मंग दुसऱ्याला घ्या म्हणावं, पण जल्दी काढा."

दाराला कडी म्हणून लावायची न्हाई. हसनाबादला सख्ख्या बहिणीच्या लेकीचं लगीन, तर अक्षता टाकल्या न् जेवायला न थांबता माघारी. मी म्हणलं, "एक रात राह्यली आसतीस." तर म्हणली, "तेवढ्यात आले न् घर बंद दिसलं तर? त्यांना कुनाला इचारायची सवय न्हाई."

आसं करता करता बारा वर्सं भरली. आपल्यात कसं हाय, बारा वर्सं माणसाचा पत्ता न्हाई तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा. मंग बाईनं कुंकू पुसायचं. पुंजारामच्या पोरीची सोयरीक जमना. बामणानं सांगितलं, भावाचं काही केलं न्हाई म्हणून आडून राह्यलंय. पुंजाराम वाईट न्हाई, हात जोडून आला. "वैनी, दादा आमचाबी व्हता. कुठवर असं लोंबकळत ठेवायचं त्याला?"

सगुणा म्हणली, "दुसरा भाग येऊ द्या, भावजी."

"वैनी, पिच्चरवर कुठं माणूस जित्ता राहतो का?"

"मंग पानावर कुठं मरतो?"

पुंजाराम टोपी घालून उठला. पण दिस धरलाच त्यांनी.

आदल्या दुपारी मी वट्यावर शेंगा फोडून राह्यल्ते. सगुणा आली, बसली, फोडू लागली. पदरातली टरफलं झटकत म्हणली, "आक्का, तुला शेवट ठाव हाय."

"कशाचा गं?"

"तू समद्यावर बोलतीस. कुत्र्याच्या पिलावर बोलतीस. त्या पिच्चरवर दहा वर्सात एक शब्द न्हाई. सांग. येतो का न्हाई?"

मी शेंगा बघत म्हणलं, "येतो."

"बस्स," म्हणली, न् उठली. मला पुढचं सांगायचं व्हतं का न्हाई, मलाच अजून समजलं न्हाई. तिनं इचारलं तेवढंच मी सांगितलं. तेवढंच पकडून ती दुसऱ्या दिशी नदीवर गेली.

तिनशे साठ पानांचा माणूस निजवलेला. डोक्याला नारळ. पुंजारामनं अग्नी दिला, गडीमाणसं रडली. बाया सगुणाकडं सरकल्या, एकीनं पदर ओला करून कपाळाकडं हात नेला. सगुणानं तो हात धरला. म्हणली, "पानाच्या माणसाचं काय करायचं ते तुमी केलं. त्याचं मला सुतक न्हाई. ह्यांना जाऊन बाराच दिस झालेत." आन उठून चालती झाली, बराबर रस्त्याच्या मधून.

पुंजारामच्या पोरीचं लगीन जमलं त्या साली. पण सगुणाचं काय झालं, ते लिही. सवाष्णी तिला हळदीकुंकवाला बोलवनात, नवऱ्याला अग्नी दिलेली बाई म्हणून. विधवा बाया जवळ करनात, कपाळ भरलेलं म्हणून. वटसावित्रीला वडाला बाया गेल्या की ही घरात भांडी घासायची, घासलेलीच परत. बारशाला न्हाई, डोहाळजेवणाला न्हाई. मीच तेवढी जायची. तेबी संक्रांतीचं वाण तिला पदराखाली झाकून न्यायची, सासूबाईच्या भ्यानं. माझ्या एका अर्ध्या बोलण्यानं ती एकली पडली आन मीच लपून वाण देऊन राह्यल्ते!

मंग दोन वर्सानं जालन्याला दुसरा भाग लागला. कंडक्टरनंच गाडी थांबवून वरडून सांगितलं, थट्टा न करता. मी म्हणलं, आता खरं उघडं पडतंय. सगुणाला म्हणलं, "चल."

चौकटीला हात लावून उभी राह्यली. "जालना दूर पडतं, आक्का. येईपोतर सांज व्हईल. घरात कुनी नसलं म्हंजे..." बारा वर्सं ज्याची वाट बघितली त्याला ती गेलीच न्हाई. "तू बघून ये. मला सांग."

तुझ्या बापासंगं गेले. हिरो नवाच व्हता. बाई मातर तीच. खरीखुरी म्हातारी झालेली, केसाला पावडर लावायचं काम पडलं नसंल. मी मनात म्हणत व्हते, बदलला आसंल शेवट, पिच्चरवाले बदलत्यात. न्हाई बदलला. दारात आला न् म्हणला, आजीबाई, पाणी.

एसटीत समद्या वाटंनं लबाडी जुळवत आले. वळखलं म्हणून सांगू, गळ्यात पडला म्हणून सांगू. आले तर ती दारातच बसलेली.

"आला?"

"आला."

"वळखलं?"

तिच्या कपाळावरचं कुंकू बघितलं न् लबाडी जागच्या जागी विरली. म्हणलं, "न्हाई गं सगुने. वळखलं न्हाई त्यानं. आन हे मला पयल्यापून ठाव व्हतं. त्या दिशी शेंगा फोडताना मी अर्धंच सांगितलं."

मला वाटलं आता बोलणं तोडती. ती इचार करून राह्यल्ती. हात केसावर फिरवला, पांढरे झाल्ते तवाच.

"मंग? पाणी प्याला?"

"प्याला."

"बसला का?"

"घडीभर बसला. तिनं तांब्या दिला, तो वट्यावर बसून प्याला. मंग माझी बायको कुठं गेली म्हणून इचारलं."

"आन तिनं काय सांगितलं?"

"काही न्हाई. हासली."

"येडीच हाय," सगुणा म्हणली. "नाव नव्हतं सांगता येत?"

दुसऱ्या दिशी सकाळी तुला हाक मारली. तुझ्या हातात कोळसा दिला, दाराशेजारची भिंत दावली. कचरू चौथी शिकल्ता, अक्षर लावून लावून वाचायचा, म्हणून मोठं मोठं लिहायला लावलं. तू लिहिलंस, "सगुणा कचरू." तिला वाचता येत न्हाई, तरी बोट फिरवून फिरवून बघितलं. मला म्हणली, "आता मी म्हातारी झाले तरी चालतंय."

दर दिवाळीला चुना देती, आन नाव बुजतं, मंग परत लिहावं लागतं. आज दिलाय बघ चुना, भिंत वाळत आली आसंल. पेन ठिव आता, कोळसा घे. जा, ती हाक मारायची वाट बघू नको.