टोक दुमडलेली चिकटपट्टी

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी ट्रॅममध्ये उभी होते. मकरंद गेल्याचं नर्सने सावकाश जर्मनमध्ये सांगितलं आणि विचारलं, घरच्यांना तुम्ही कळवाल का? मी हो म्हणाले. साताऱ्यात त्याच्या आईला, मी त्यांना काकू म्हणते, मुलगा आजारी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं... आणि मला तो गेल्याचं सांगायचं होतं.

आम्ही दोघं पीएचडीसाठी एकाच वर्षी हॅनोव्हरला आलो. पुढे त्याला चिकटपट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि गडी कामातून गेला. जवळच्या तळ्यावर त्याने एक म्हातारी शिडाची बोट घेतली आणि सुट्टीचे सगळे दिवस तिला पट्ट्या लावण्यात घालवू लागला. दोर घासतो तिथे जाड पारदर्शक पट्टी, शिडाला टोचतील अशा पिनांवर पट्टी, शीड फाटलं की शिडाच्याच कापडाची पट्टी. आधी धुवायचं, कोरडं करायचं, स्पिरिटने पुसायचं, मग पट्टी लावून चमच्याच्या पाठीने घासायचं. एकदा मी घाईत चौकोनी तुकडा लावला, तर त्याने तो मला सोलून काढायला लावला. “कोपरे गोल काप बाई. आधी कोपरा सुटतो, मग सगळंच सुटतं.” बोट घेण्यापेक्षा लग्न केलं असतंस तर कमी कटकट झाली असती, असं मी म्हणायचे. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून तो पुढची पट्टी कापायला घ्यायचा. काम झालं की रोलचं टोक आठवणीने आत दुमडून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको.

मग आजार कळला. “आईला एवढ्यात नको सांगूस. ही ट्रीटमेंट होऊ दे, मीच सांगतो,” तो म्हणाला आणि मी कबूल झाले. म्हाताऱ्या आईवडिलांपासून वाईट बातमी लपवणं म्हणजे माया, असं आपण धरूनच चालतो. आणि इतक्या दुरून ते सोपंही असतं. फोन वळवू तेवढंच त्यांना दिसतं.

एका रविवारी त्याला वॉर्डातून दुपारपुरती सुट्टी मिळाली. हातावर सलाइनची सुई तशीच होती, वर पांढरी पट्टी. निघण्याआधी त्याने नर्सकडून कात्री मागून घेतली आणि पट्टीचे कोपरे गोल कापले. ती हसली, मीही हसले. तळ्यावर बोटीत बसून त्याने काकूंना व्हिडिओ कॉल लावला. केस गेलेल्या डोक्यावरची टोपी थंडीची, हे त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं, “हाताला काय रे ते पांढरं?”

“बोटीची पट्टी गं, चिकटली हाताला.”

“खरंच का गं?” त्यांनी मला विचारलं.

“हो काकू, हा कुठेही पट्ट्या चिकटवत बसतो!” मी हसत म्हणाले.

पुढे तो झपाट्याने खालावला. आता सांगू या, व्हिसालाच किती दिवस लागतील, असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा त्याने “पुढच्या आठवड्यात” म्हणून खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्याचा संतापही यायचा आणि रडूही. पण त्याच्या आईला त्याच्या मनाविरुद्ध फोन करायचं धाडस मला झालं नाही.

मी बातमी सांगितली तेव्हा काकूंनी पहिला प्रश्न विचारला, “पाण्यात पडला का?” त्या बोटीची त्यांना कायम भीती वाटायची. मी म्हणाले, नाही काकू, आजारी होता. “कधीपासून?” सात महिने, मी म्हणाले.

आता त्या दर रविवारी, मकरंद करायचा त्याच वेळेला, मला फोन करतात. रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मागच्या रविवारी म्हणाल्या, “ती हातावरची पट्टी बोटीची नव्हती ना गं?”

“नाही काकू.”

“त्याच्यावर माझा विश्वास बसला नव्हता... तू हसलीस म्हणून मला खरं वाटलं.”



त्याच्या बोटीतला एक रोल मी घरी आणून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला आहे. त्याचं टोक मकरंदने दुमडलेलं आहे, तसंच. परवा खोक्याला पट्टी हवी होती, तो रोल हातात घेतला आणि परत ठेवून दिला. आज रविवार आहे. थोड्या वेळाने काकूंचा फोन येईल.