खुनी कोण, ते नाना सांगत नव्हते

सुदामनाना ओव्हाळ एसटीत कंडक्टर होते आणि गोष्ट कधी पुरी करत नसत. भोरहून वेल्ह्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तिकिटं फाडून झाली, की दाराजवळच्या सीटवर बसून ते सुरू करायचे, "तर त्या बाईनं कडी काढली आन् बगती तर काय..." कापूरहोळ जायचं, चेलाडी जायची, आणि मार्गासनी आली की नाना नेमके उठायचे. "चला, मार्गासनीवाले, उतरा!" उतरणारी माणसं खाली उभी राहून विचारायची, "कंडक्टर, पर काय बगितलं तिनं?" नाना दोनदा बेल मारायचे. गाडी निघून जायची. त्या एका प्रश्नापायी दुसऱ्या दिवशी काम नसताना गाडीत बसलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

माझं भोरला टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, अर्ज, लग्नपत्रिका, हे आमचं साहित्य. निवृत्त झाल्यावर एक दिवस नाना पिशवीभर कागद घेऊन आले आणि म्हणाले, "पोरी, कादंबरी हाय. टाईप करायची. पर एक अट. आईची आन घे, शेवट कुनाला सांगायचा न्हाई." मी हसत हसत घेतली. त्या शपथेनं पुढे माझं रक्त किती आटणार आहे याची मला काय कल्पना!

कादंबरीचं नाव 'मुक्कामी गाडी'. वेल्ह्याला मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी. चेलाडीला एक सावकार चढतो आणि वेल्ह्याला पोचेपर्यंत सीटवर बसल्या बसल्या मरून पडलेला असतो. गाडीत मोजकी माणसं, त्यातलाच कुणीतरी खुनी. मी टाईप करत गेले आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळू लागलं. एकाचं उत्पन्नाच्या दाखल्याचं काम तर मी सरळ संध्याकाळवर ढकललं, कारण तेराव्या प्रकरणात दिवे जातात.

पुण्याच्या प्रकाशकाला आधी ती नको होती. तो म्हणाला, "ओव्हाळ, तुम्ही तुमचं आयुष्य लिहा ना. तुमच्या समाजाचं दुःख लिहा. लोक वाचतील." नाना म्हणाले, "दुःख हाय की सायेब, भरपूर हाय. पर मला खून लिवायचाय." हे मला सांगताना नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, "आमच्यातल्या मानसानं रडायचंच लिवावं, आसा काय कायदा हाय का गं?" मी म्हटलं, नाही. शेवटी प्रकाशक तयार झाला. पुस्तक आलं, आणि महिन्याभरात भानगड झाली.

झालं असं की नानांच्या गावातल्या तरुण मंडळातल्या एका पोरानं एका पानाचा फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकला. त्या पानावर मेलेल्या सावकाराच्या मागच्या सीटवर एक पाटील बसलेला आहे. भर उन्हाळ्यात काखेत छत्री. काही विचारलं की आधी घसा खाकरणार, मग बोलणार. सगळ्या गाडीचा संशय त्याच्यावर. आता मार्गासनीच्या पुढे आत त्यांच्या गावात बारा महिने काखेत छत्री घेऊन फिरणारा आणि घसा खाकरल्याशिवाय 'हो' सुद्धा न म्हणणारा माणूस एकच. ते माझे सख्खे मामा. पाटीलकी जाऊन जमाना झाला, पण गाव त्यांना अजून पाटीलच म्हणतं.

फोटोखाली पोरांनी लिहिलं होतं, 'वस्तीतल्या कंडक्टरनं आपल्या पाटलाला खुनी केलं.' पुस्तक एकानंही वाचलेलं नव्हतं. बैठक झाली. पुस्तक मागं घे आणि गावापुढे माफी माग, असा निरोप नानांच्या दारात गेला. दुधाचा रतीब बंद झाला. नानांची बायको दळण घेऊन गेली, तर गिरणीवाला म्हणाला, "मोटार जळलीय." मोटार आत चालूच होती. प्रकाशकानं फोन करून सांगितलं की गावाचं समाधान झालं नाही, तर तो सगळ्या प्रती दुकानांतून परत मागवेल. म्हणजे नानांचं सबंध आयुष्यातलं एकुलतं एक पुस्तक पेटाऱ्यात जाऊन बसणार.

दुसऱ्या बाजूनंही सुख नव्हतं. पुण्याहून एका कार्यकर्त्याचा फोन आला, "नाना, माघार घेऊ नका! पाटीलच खुनी आहे हे ठणकावून सांगा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." नानांनी विचारलं, "तुमी वाचलंय का?" तर म्हणे, "वाचायची गरज काय? बाजू तर कळतेय!" नाना फोन ठेवून मला म्हणाले, "ह्यांना पाटील खुनी पायजे, त्यांना पाटील खुनी नको. पुस्तक कुनालाच नको."

आणि गंमत बघा, पाटील खुनी नव्हताच. हे या भानगडीत पडलेल्यांपैकी तिघांनाच ठाऊक होतं. नानांना, प्रकाशकाला आणि मला. (खुनी कोण ते मी इथंही सांगणार नाही. पुस्तक आहे, वाचा.) मी नानांना हात जोडले. "नाना, एक वाक्य बोला. पाटील खुनी नाही, एवढंच. दळण, दूध, पुस्तक, सगळं सुटेल." नानांनी झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "पोरी, आज म्या त्यांच्या भ्यानं शेवट सांगितला, तर उद्या सुरवातच त्यांना इचारून करावी लागंल." मला राग आला. म्हटलं, हट्टाला काही सीमा! घरात पीठ नाही आणि ह्या माणसाला रहस्याची पडलीय!

दोन दिवसांनी मामाच दुकानात आले. काखेत छत्री. घसा खाकरला. "शालन, तू टाईप केलंयस म्हनं. सांग. म्या हाय का न्हाई?"

"मामा, मला आईची आन आहे."

"तुझी आई माझी भन हाय. तिची आन म्या सोडवतो. सांग."

"नाही सांगणार. वाचा ना तुम्ही!"

मामा चिडले. "खुनी म्हनला तर म्हनू दे, पर छत्री कशाला घातली त्यानं? छत्री कुनालाबी वळकू येती! आन् म्या पोथीबिगर काय वाचत न्हाई, तुला ठावं हाय."

माझंही डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, "मग पोथीसारखंच वाचा! श्रावण लागलाच आहे!"

मामांनी काखेतली छत्री टेबलावर ठेवली. आमच्याकडे श्रावणात पोथी लागते आणि मामांचा आवाज म्हणजे गावाचं भूषण. पोथीचे नियम सगळ्यांना पाठ असतात. एकदा बसलं की मध्ये उठायचं नाही, मध्ये वाद घालायचा नाही, सुरू केलेली पोथी अर्धी टाकायची नाही, आणि शेवटचं पान आधी उघडायचं नाही. मामांनी माझ्या टेबलावरची प्रत उचलली, छत्रीसोबत काखेत मारली आणि निघाले.

गावात जाऊन त्यांनी जाहीर केलं, "पुस्तक म्या वाचनार. समाप्ती होईस्तवर कुनी ब्र काढायचा न्हाई. तवर दूध चालू, गिरनी चालू. समाप्तीला काय ते बोला." पाटलालाच खुनी केलंय आणि पाटीलच वाचणार म्हटल्यावर मंडळाची पोरं बोलणार काय? देवळात बसायचं ठरत होतं, तेव्हा नाना पुढे होऊन म्हणाले, "देवळात नको. शाळेत वाचा." मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण कबूल केलं.

मी दुकान लवकर बंद करून रोज जात होते. पहिल्या दिवशी मामांनी पोथीच्याच चालीवर सुरुवात केली. "आता मुक्कामी गाडी चेलाडीस आली हो..." बायका पदरात तोंड घालून हसल्या. छत्रीवाला पाटील आला तेव्हा सगळी शाळा मामांकडे बघायला लागली. मामांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की माना खाली गेल्या. पण तिसऱ्या चौथ्या दिवसापासून रंग पालटला. पोरं दंगा करायला आली होती, ती पुढे सरकून बसायला लागली. पाणवठ्यावर बायकांत भांडणं लागली. एकीच्या मते खुनी ड्रायव्हर, दुसरीच्या मते सावकाराचा भाचा. मामांना प्रकरण संपवून पुस्तक मिटणं जिवावर यायचं. एका दिवशी मामी मला म्हणाल्या, "रात्री कूस बदलत्यात आन् इचारतात, कंडक्टरवर संशय कसा न्हाई गं कुनाचा?"

नाना मात्र भिंतीशी, गुडघे कवटाळून बसलेले. मला वाटलं, माणसं काय ठरवतील याची धास्ती घेतलीय. जवळ जाऊन धीर द्यायला गेले, तर कानात कुजबुजले, "पोरी, ती गिरनीवाल्याची बायको वळकत आली गं! दोन प्रकरनं आदीच वळकलं तर माझी आब्रू गेली!" मी कपाळावर हात मारला. असा माणूस.

समाप्तीच्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा शेवटच्या प्रकरणाला आले तेव्हा चाल कधीच सुटली होती, साध्या आवाजात, भरभर वाचत होते. खुन्याचं नाव आलं. मामा थांबले. परत वाचलं. मग गिरणीवाल्यानं मांडीवर थाप मारली, "आयला! ह्यो व्हय?" आणि सगळी शाळा एकदम बोलायला लागली. गिरणीवाल्याची बायको नवऱ्याला सांगत होती, "म्या म्हनत हुते!" पण आदल्या दिवशीच ती फिरून भाच्यावर गेली होती. ज्या पोरानं फोटो टाकला होता, तो उठला. तो म्हणाला, "कंडक्टर, दुसरं कदी येतंय?"

देवा, किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! मी भिंतीला तोंड करून रडून घेतलं. मामांनी तिथूनच प्रकाशकाला फोन लावायला सांगितला आणि खाकरून म्हणाले, "पाटील बोलतोय, पुस्तकातला. येक बी प्रत परत मागवली तर म्या पुन्याला येईन." पुस्तक राहिलं. आज नाना नाहीत, गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले, पण पुस्तक दुकानांत आहे.

त्या दिवशी माणसं पांगली. नानांची बायको चहा आणायला घरी गेली आणि शाळेत आम्ही तिघंच उरलो. मामा चष्मा पुसत म्हणाले, "सुदाम, देवळात का नको म्हनलास रं? तितं माझा आवाज घुमतो."

"म्हाईत हाय," नाना म्हणाले. "ल्हानपनी तुमचीच पोथी ऐकायचो की. आमी सगळी पोरं. देवळाच्या भाईर, पायरीखाली बसून. पाऊस आला तर आंगावर पोतं घ्यायचो."

मामा म्हणाले, "ठावं हुतं मला. दिसायचा तुमी. म्हनूनच म्या आवाज मोठा काढायचो, भाईरपतोर जावा म्हनून."

"आवाज मोठा काढलात, पाटील," नाना शांतपणे म्हणाले. "पर आत या म्हनला न्हाईत."

मामांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. "न्हाई म्हनलो," ते म्हणाले. "चुकलं."

माझ्या उभ्या आयुष्यात मामांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. नाना जरा बाजूला सरकले आणि सतरंजीवर हात थोपटून म्हणाले, "उबं का, पाटील? बसा की हितं. च्या येतुया."